छंद हातातून खाली ठेवता आला पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा: घरात ४ आणि ९ वर्षांची दोन मुलं, नोकरी घरूनच, नवऱ्याच्या कामाच्या वेळा उलटसुलट. दोन वर्षांत अ‍ॅक्रिलिक रंग, गिटार, भाषा शिकवणारं अ‍ॅप आणि विणकाम अशा चार गोष्टी सुरू झाल्या आणि चारही सुटल्या. ‘तुझ्यात चिकाटीच नाही’ हे घरात ऐकावं लागतं ते वेगळंच. ‘ताई, तुम्ही स्वतः सध्या कशात रमता? आणि घरच्यांना बाजूला न सारता मला काय करता येईल?’

चिकाटीचं आधी मिटवून टाकू. मी २४ वर्षं विणकाम आणि क्रोशा शिकवते. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांची यादी माझ्याकडे पूर्ण करणाऱ्यांपेक्षा मोठी आहे, पण त्यांच्यात चिकाटी नव्हती असं मला म्हणवत नाही. नोकरी, मुलं, घरातली दुखणीखुपणी वर्षानुवर्षं निभावणारं माणूस एका मफलरपुढे हात टेकतं, तेव्हा गडबड मफलरमध्येच असते. होतं असं की मूल हाक मारतं आणि हातातलं काम आहे तिथं, आहे तसं ठेवता येत नाही. परत येऊन बघावं तर काहीतरी बिघडलेलं, वाळलेलं, सुटलेलं. असं पाच-सहा वेळा झालं की हात आपोआप त्या वस्तूकडे जायचा थांबतो.

म्हणून नवीन कुणी शिकायला आलं की ‘वेळ किती आहे’ हे मी विचारत नाही. वेळ कुणाकडेच नसतो. मी विचारते, ‘अर्ध्या तासात किती वेळा उठावं लागतं?’ उत्तर पाचच्या वर गेलं की छंदाची निवडच बदलते. तुमचं उत्तर आठ-दहा असणार, असा माझा अंदाज.

आता याच नजरेनं तुमच्या चार गोष्टी बघू.

अ‍ॅक्रिलिकचा रंग म्हणजे पातळ प्लॅस्टिकच. त्यातलं पाणी उडालं की पॅलेटवरचा थेंब काही मिनिटांत घट्ट होतो आणि मग कितीही पाणी घाला, विरघळत नाही. ब्रश तसाच राहिला तर तो गेलाच. म्हणजे धाकट्यानं हाक मारली की एकतर ब्रश मरणार किंवा मूल आणखी दोन मिनिटं रडणार. घरात लहान मूल असताना मी तरी हा रंग कुणाला सुचवणार नाही. याच्या उलट जलरंग. त्यात रंगद्रव्य बांधून ठेवायला डिंक असतो आणि डिंक पाण्यात पुन्हा सुटतो. डबीतला रंग आठ दिवसांनी उघडला तरी ओल्या ब्रशनं जागा होतो. चित्र अर्धं राहिलं तर राहू द्या. वाळलेल्या थरावर दुसरा थर उलट जास्त स्वच्छ बसतो. कागद मात्र ३०० ग्रॅमचा घ्या, पातळ कागद पाण्यानं फुगून वेडावाकडा होतो. आकार पोस्टकार्डाएवढा पुरे. तुम्हाला रंगांची ओढ असेल तर ती सोडू नका, फक्त रंग बदला.

गिटार मात्र सोडायला नको होती असं मला वाटतं. खाली ठेवायला गिटारइतकी सोपी वस्तू नाही. वाजवणं थांबवलं की थांबलं, काही वाळत नाही, काही उसवत नाही. तुमची गिटार पिशवीत घालून कपाटावर ठेवलेली असणार. कपाटावरून काढा, चेन उघडा, सूर जुळवा, पाच मिनिटं तयारीतच गेली, आणि तुमच्याकडे सहाच होती. भिंतीवर खुंटी मारा, ऊन आणि ओल लागणार नाही अशा जागी, आणि सूर जुळवायचा चिमटा गिटारच्या डोक्यालाच लावून ठेवा. जाता-येता एका कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) दुसऱ्या कॉर्डवर बोटं हलवायची, एवढंच. रोज थोडं वाजवलं तर दोन-चार आठवड्यांत बोटांची टोकं घट्ट होतात. महिनाभर खंड पडला की ती पुन्हा मऊ पडतात आणि दुखणं पहिल्यापासून सुरू, म्हणून एका रविवारच्या दोन तासांपेक्षा रोजची पाच मिनिटं बरी. शिवाय तुम्ही कॉर्ड धरायची आणि धाकट्यानं तारा छेडायच्या, हा खेळ चार वर्षांच्या मुलाला भारी आवडतो.

अ‍ॅपबद्दल मला फार सांगता येणार नाही, मी फोनपासून लांब राहायचा प्रयत्न करणाऱ्यांतली. ‘सलग ४३ दिवस’ असला आकडा दाखवणाऱ्या गोष्टींवर मात्र माझा राग आहे. तो आकडा शून्यावर आला की माणूस तो नादच सोडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ इतका फरक होता. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे ऐकू येतं ते विसरा आणि चुकलेल्या दिवसाचा हिशोबही ठेवू नका.

राहिलं विणकाम. हा माझा प्रांत, म्हणून इथे जरा ऐसपैस बसते.

तुम्ही लिहिलंय की स्वेटर विणायला घेतला होता आणि पाठीचा भाग अर्धा झाल्यावर सोडला. दोन लांब सरळ सुया, सव्वाशेच्या आसपास टाके, नक्षीचा कागद शेजारी. यात प्रत्येक टाका जिवंत असतो. सुई निसटली की सगळी रांग उघडी. ओळ पूर्ण झाल्याशिवाय खाली ठेवणं धोक्याचं, आणि सव्वाशे टाक्यांची ओळ पूर्ण व्हायला नवशिक्या हाताला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुमच्या घरात एकसलग मिळत नाही, असं दिसतंय.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मुलगी तीन वर्षांची असताना मी १४० टाक्यांची जाळीची शाल विणत होते. दार वाजलं म्हणून उठले आणि परत येऊन बघते तर बाईसाहेब सुई हातात घेऊन ‘आई, काठी!’ म्हणत उभ्या. जाळीच्या नक्षीत सुटलेले टाके पुन्हा सुईवर घेणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. दोरा सुटलेला टाका कुठला आणि मुद्दाम पाडलेलं भोक कुठलं, ते कळतच नाही. त्या रात्री मी २२ ओळी उसवल्या. तेव्हापासून एक गोष्ट कधी चुकवली नाही: दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा, गुळगुळीत सुती दोरा मोठ्या डोळ्याच्या सुईत ओवून त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून आरपार घालायचा आणि तसाच ठेवायचा. वर काहीही झालं तरी उसवण या दोऱ्यापाशी थांबते. काम पुढे गेलं की तो ओढून काढायचा. दोन मिनिटांचं काम आहे. एवढं करूनही बहुतेक जण ते पहिलं मोठं नुकसान झाल्यावरच शिकतात, मीही तशीच शिकले.

दुसरा उपाय म्हणजे सरळ सुया सोडून मधे लवचिक वायर असलेली गोल सुई वापरायची. सपाट कामही तिच्यावर छान होतं. उठताना टाके वायरवर सरकवले की टोकं मोकळी राहतात आणि सहसा काही निसटत नाही. कामाचं वजन मांडीवर पडतं, मनगटावर येत नाही, हा वरचा फायदा.

पण तुम्हाला मी आत्ता विणकामाकडे परत पाठवणार नाही. क्रोशा घ्या. सध्या माझ्याही हातात दिवसभर तोच असतो. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो. बाकी सगळं मागे गाठीसारखं पक्कं झालेलं. उठायचं झालं की त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवायची आणि निघायचं. ओळीच्या मधे, दोन टाक्यांच्या मधे, कुठेही. मुलानं सुई पळवली तरी पिन आहे तोवर एक टाकाही सुटत नाही. माझ्या ओढणीच्या टोकाला कायम दोन पिना लावलेल्या असतात, बघणाऱ्याला वाटतं ओढणी फाटलीये.

पहिलंच काम म्हणून चौकोन करा, मधून बाहेर वाढत जाणारा, ज्याला सगळे ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात. सुई ४ मिलिमीटरची, लोकर आठ पदरी, गुळगुळीत आणि फिक्या रंगाची. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसत नाही, आणि पहिल्या महिन्यात टाका दिसणं हेच शिक्षण. साखळी म्हणजे फासातून दोरा ओढून घातलेला साधा टाका, खांब म्हणजे सुईवर आधी दोरा घेऊन घातलेला उंच टाका. चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, गटांच्या मधे कोपऱ्याला दोन साखळ्या. शेवटची साखळी सुरुवातीला जोडली की फेरा पूर्ण. पुढचा फेरा याच्याच भोवती. ओळीच्या कडेचा टाका विसरल्यामुळे कापड त्रिकोणी होत जातं, ही नवशिक्यांची नेहमीची रड यात उरत नाही, कारण कडाच नसते. आणि प्रत्येक फेरा ही थांबायची जागा. एक चौकोन करायला सुरुवातीला तासभर लागेल, महिन्यानं पाऊण, पुढे वीस-पंचवीस मिनिटं.

१५ सेंटिमीटरचे चौकोन सहा आडवे, आठ उभे असे ४८ जोडले की ९० बाय १२० सेंटिमीटरचं, मांडीवर घ्यायचं पांघरूण होतं. इथे एक फसगत आहे. एकरंगी चौकोनाला दोऱ्याची दोन टोकं, म्हणजे ४८ चौकोनांची ९६. तीन रंग वापरले तर एका चौकोनाला सहा, म्हणजे २८८. ही टोकं ‘शेवटी एकदम लपवू’ म्हणून ठेवलेली जवळजवळ पूर्ण झालेली पांघरुणं मी कपाटाकपाटांतून पाहिली आहेत. चौकोन सुईवरून उतरला की त्याची टोकं तिथल्या तिथे आत ओवायची, तोवर पुढचा चौकोन सुरू करायचा नाही. आणि सगळी लोकर एकदमच आणा. वेष्टनावर रंगाच्या घाण्याचा नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना ते बघा. दोन घाण्यांमधला फरक दुकानात कळत नाही, पांघरुणात तो पट्ट्यासारखा उठून दिसतो. माझ्या पहिल्या पांघरुणात तो आहे. माझी बहीण आली की न चुकता तिथेच बोट ठेवते.

व्हिडिओ बघून शिकणार असाल तर बोलणारी व्यक्ती अमेरिकन नावं वापरते की ब्रिटिश, ते आधी बघून घ्या. आपला साधा खांब अमेरिकन भाषेत डबल क्रोशे आणि ब्रिटिश भाषेत ट्रेबल. अमेरिकन सिंगल म्हणजे ब्रिटिश डबल. नाव तेच आणि टाका वेगळा, त्यामुळे नमुना निम्माच उंच होतो आणि माणूस स्वतःला दोष देत बसतं.

मुलांना यात घेता येतं, पण सरसकट नाही. नऊ वर्षांचं मूल दोन-तीन बैठकांत साखळी शिकतं. सुई त्याला ५ किंवा ६ मिलिमीटरची जाड द्या, बारीक सुईनं चिडचिड होते. चार वर्षांच्या मुलाच्या हातात सुई नको. लोकरीचा गुंडा करणं आणि पुढच्या चौकोनाचा रंग ठरवणं ही त्याची कामं. त्यानं निवडलेले रंग तुम्हाला आवडले नाहीत तरी घ्या. लोकरीचे लांब धागे त्याच्या हाती एकट्यानं सोडू नका, ते गळ्याभोवती घ्यायला मुलांना फार आवडतं.

आणि नवरा? नवऱ्याला छंदात ओढायची धडपड करू नका. एका खोलीत बसणं पुरतं. क्रोशाची मोठी सोय अशी की दोन महिन्यांत नजर वर उचलता येते. हात चालू राहतात आणि समोरच्याशी डोळ्यात बघून बोलता येतं. आमच्याकडे महत्त्वाची बोलणी अशीच होतात. हात कामात असले की माझं माणूस जास्त बोलतं, का ते मी आजवर विचारलेलं नाही.

घरातल्या सगळ्यांचं असं काही हवं असेल तर चित्रकोडं, म्हणजे जिगसॉ. खाली ठेवण्याच्या परीक्षेत हे पहिलं येतं. हे मुळात मुलांना भूगोल शिकवायला निघालं. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्यानं लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवर तो कापला होता. सुरुवात ५०० तुकड्यांनी करा. १००० म्हणजे दुप्पट काम, असं वाटतं. पण तुकडेही दुप्पट आणि प्रत्येक तुकडा शोधायचा ढीगही दुप्पट, त्यामुळे काम चौपटीच्या आसपास जातं. मोठ्या जाड पुठ्ठ्यावर मांडा म्हणजे जेवायच्या वेळी अख्खं कोडं पलंगाखाली सरकवता येतं. १००० तुकड्यांचं कोडं साधारण ७० बाय ५० सेंटिमीटर भरतं, पुठ्ठा त्याहून चारी बाजूंनी थोडा मोठा हवा. धाकट्याला त्याचं २४ तुकड्यांचं वेगळं द्या, त्याच जमिनीवर, नाहीतर तो तुमच्यात येऊन बसणार, अक्षरशः. आमच्या घरी शेवटचा तुकडा कोण लावणार यावरून भांडणं होत. एकदा तुकडा हरवला म्हणून सगळ्यांनी गाद्या उलथ्या केल्या आणि तो निघाला यांच्या शर्टाच्या खिशात. शेवटचा मान आपल्याला मिळावा म्हणून दोन दिवस आधीच लपवलेला.

बुद्धिबळाचा पटही असाच, कपाटावर मांडून ठेवायचा, येता-जाता एक खेळी. कुणाची पाळी ते कळायला पटाशेजारी एक बटण सरकवायचं. नऊ वर्षांच्या मुलाशी हा डाव तीन आठवडेही चालतो.

सध्याच्या माझ्या आवडीतली शेवटची गोष्ट म्हणजे दुर्बीण. दोन डोळ्यांची साधी, ७×५० ची: सातपट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची. १०×५० थोडी जास्त जवळ आणते पण हातात थरथरते, तिच्यासाठी कोपर कठड्यावर टेकावे लागतात. लोक पौर्णिमेचा चंद्र बघायला जातात आणि निराश होतात, कारण तेव्हा चंद्रावर ऊन सरळ पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. शुक्ल अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र बघा. उजेड-अंधाराच्या रेषेवर विवरांच्या कडा काढल्यासारख्या दिसतात. हा चंद्र सूर्य मावळताना आभाळात वरच असतो, त्यामुळे मुलांची झोपेची वेळ मोडत नाही. आज राहिला तर उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा तिथेच येतो. गुरू दिसत असेल तर त्याच्याशेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतात, गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये टिपलेले तेच चार चंद्र. मोठ्याला वही द्या, रोज ठिपके काढायला सांगा. या चौघांत सगळ्यात आतला आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, म्हणजे दुसऱ्या रात्री चित्र बदललेलं असतं. माझ्या नातवानं चौथ्या दिवशी विचारलं, ‘आजी, एक कुठे गेला?’ तो गुरूच्या मागे गेला होता. हे मी सांगितलं नाही, त्याला आणखी एक रात्र वाट बघायला लावली.

एवढ्या सगळ्या गोष्टी एकदम धरू नका हो. माझ्या त्या वीस-बावीस वर्षांत साचल्या आहेत, आणि सोडलेल्यांची यादी वेगळीच आहे. मातीकाम सोडलं, कारण अर्धवट भांडं ओल्या फडक्यात नि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं एकदा राहिलं की संपलं. कागदाच्या घड्यांचे पक्षी मात्र कधी सुटले नाहीत. तुम्ही आधी क्रोशा आणि खुंटीवरची गिटार घ्या. जलरंग वाटलं तर नंतर.

आणि तो अर्धा स्वेटर. तो कपाटात आहे, आणि कपाट उघडलं की तुमच्याकडे बघतो, हे मला न सांगता कळतं. तो उसवा. दोरा ओढत ओढत थेट खुर्चीच्या पाठीवर गुंडाळा. हे काम तुमच्यासमोर चार वर्षांच्या माणसाला द्यायला हरकत नाही, त्याला उसवण्यात तुमच्यापेक्षा जास्त आनंद होईल. लड झाली की चार ठिकाणी सैल दोऱ्यांनी बांधा, खुर्चीवरून काढा, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टांगून वाळवा. टाक्यांच्या बारीक वळ्या बऱ्याचशा निघून जातात. मग गुंडा करा आणि पहिली चार साखळ्यांची कडी त्याच लोकरीची घाला.